शालेय संशोधन प्रकल्प : मनःस्वास्थ्य, शिक्षण आणि सामाजिक प्रश्न – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक शिक्षक यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. माणसांना प्रश्न विचारून किंवा त्यांचं निरीक्षण करून केलेल्या प्रकल्पांपुरतीच ती मर्यादित आहेत.

‘सोशल मीडिया आणि मानसिक आरोग्य’ असा विषय ठरवलाय. चालेल का?

एवढ्यावर काम सुरू करता येणार नाही. तो विषय नसून ग्रंथालयातलं एक अख्खं कपाट आहे. त्यातून एक पान काढायचं, म्हणजे चार गोष्टी ठरवायच्या : कोण, काय मोजणार, कशाने मोजणार, कोणत्या काळातलं. उदाहरणार्थ : ‘नववी-दहावीची मुलं शाळेच्या आदल्या रात्री अंथरुणावर पडल्यानंतर किती मिनिटं फोन बघतात, आणि त्या रात्री किती तास झोपतात?’ यातला प्रत्येक शब्द मोजता येतो.

प्रश्न पक्का झाला का, हे तपासायची सोपी रीत आहे. माहिती गोळा करण्याआधीच निकालाचा कोरा तक्ता कागदावर आखा : आडवे रकाने कोणते, उभे कोणते, खाली किती ओळी. तक्ता आखता आला नाही तर प्रश्न अजून कच्चा आहे.

आणखी एक. या विषयावर लाखो मुलांच्या माहितीवर अभ्यास झाले आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीवरच्या एका विश्लेषणात, मुलांच्या मनःस्वास्थ्यातला फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. तुमच्या साठ मुलांच्या सर्वेक्षणातून इतका बारीक परिणाम दिसणार नाही. ‘मोबाइलमुळे पिढी बिघडली’ हे सिद्ध करायला निघालात तर हात हलवत परत याल.

मग कोणते विषय शाळेच्या पातळीवर झेपतात?

जे इतरांना बाहेरून दिसत नाहीत आणि तुम्हाला रोज दिसतात. शंका असूनही मुलं वर्गात हात वर का करत नाहीत? शाळेतलं स्वच्छतागृह वापरावं लागू नये म्हणून किती जण दिवसभर पाणी कमी पितात? गटकार्यात प्रत्यक्ष काम कोण करतं आणि बोलतं कोण? ग्रंथालयाच्या तासाला पुस्तक उघडतं तरी किती जणांचं? वर्षाच्या मधेच शाळेत आलेल्या मुलांना डबा खायला सोबत कधी मिळते? ‘स्वच्छतागृह’वाला प्रश्न ऐकून परीक्षक सुरुवातीला हसतील, पण निकाल मुख्याध्यापकांसमोर ठेवला तर पुढच्या महिन्यात काहीतरी बदलू शकतं. ‘समाजातील ताणतणाव’ या विषयाच्या पोस्टरमुळे असं काही होत नाही.

किती वेळ धरायचा?

बारा आठवडे. दोन प्रश्न ठरवायला आणि वाचनाला, तीन आराखडा आणि परवानग्यांना, एक चाचणी फेरीला, दोन माहिती गोळा करायला, दोन सफाई आणि विश्लेषणाला, दोन लिखाणाला. बहुतेक प्रकल्प परवानग्यांपाशी अडतात, कारण पालकांच्या सह्यांचे कागद दप्तरातून घरी जातात आणि दप्तरातच राहतात. तिथे घाई केली की पुढचं सगळं डगमगतं. परीक्षेच्या आठवड्यात ताण किंवा झोप मोजू नका, तोच तुमचा विषय असेल तर गोष्ट वेगळी.

परवानगी कोणाची आणि कधी?

शाळेची, सहभागी विद्यार्थ्यांच्या पालकांची आणि स्वतः विद्यार्थ्यांची. तिन्ही माहिती गोळा करण्याआधी. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं, तर उत्तर नाही असंच समजायचं.

प्रकल्प विज्ञान मेळाव्यात न्यायचा असेल तर त्याचे नियम पहिल्याच आठवड्यात वाचा. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या आयसेफ मेळाव्यात माणसांवरच्या प्रकल्पाला आधी नैतिक परीक्षण समितीची मान्यता लागते. समितीत किमान तीन जण असावे लागतात : एक शिक्षक, एक शालेय प्रशासक आणि शारीरिक-मानसिक धोक्याचा अंदाज घेऊ शकणारी एक जाणकार व्यक्ती, जसं डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ. तुमचे मार्गदर्शक शिक्षक तुमच्याच प्रकल्पाच्या समितीत बसू शकत नाहीत. सर्वेक्षण आधी उरकून मान्यता मागाहून घेतली तर प्रकल्प बाद होतो.

संमतीपत्रात काय लिहायचं?

एका पानात, साध्या भाषेत : आम्ही कोण, काय विचारणार, किती मिनिटं लागतील, उत्तरं कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार, काही त्रास होऊ शकतो का, आणि शंका आल्यास शाळेत कोणाला भेटायचं. दोन वाक्यं हवीतच : ‘भाग घ्यायचा की नाही हे तुमच्यावर आहे’ आणि ‘मधेच थांबलात तरी चालेल, कारण सांगायची गरज नाही’.

कागद कोण वाटतं याने फार फरक पडतो. वर्गशिक्षकांनी वाटला तर मुलांना ती आज्ञाच वाटते. मार्गदर्शकांच्या परवानगीने तुम्ही स्वतः वाटा. नाही म्हणणाऱ्यांना त्या दहा मिनिटांत करायला दुसरं काहीतरी द्या, म्हणजे कोण भरतंय आणि कोण नाही हे वर्गभर उठून दिसणार नाही.

नैराश्य, स्वतःला इजा, घरातली मारहाण यांवर प्रश्न विचारू का?

नको. कारण सोपं आहे. एखाद्याने निनावी फॉर्मवर ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं तर तुम्ही त्याला शोधू शकत नाही, आणि वाचल्यावर गप्पही बसू शकत नाही. दवाखान्यात वापरायच्या नैराश्याच्या चाचण्या इंटरनेटवर सहज सापडतात, पण त्यांतल्या काहींमध्ये नेमका हाच प्रश्न असतो. अशी चाचणी उचलून फॉर्ममध्ये टाकणं धोक्याचं आहे. उपाशी राहणं, वजन, नशा, लैंगिक छळ यांचंही तेच.

त्याऐवजी बाजूने जाता येतं : ‘मन ठीक नसेल तर शाळेत कोणाशी बोलता येतं हे तुम्हाला माहीत आहे का?’ याचं उत्तर कोणालाच उघडं पाडत नाही आणि शाळेच्या कामाचंही असतं.

मुलाखतीत कोणी गंभीर काही सांगून बसलं तर?

मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा : ‘तू सांगितलेलं आम्ही नावानिशी कुठे लिहिणार नाही; पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आम्हाला मोठ्यांना सांगावंच लागेल.’ ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. तसं काही निघालंच तर रेकॉर्डिंग थांबवा, शांतपणे ऐका, सल्ले देऊ नका आणि त्याच दिवशी मार्गदर्शक किंवा समुपदेशकांना सांगा. त्यांचं नाव आणि ते कुठे भेटतील हे मुलाखतीआधीच कागदावर लिहून ठेवलेलं असावं.

प्रश्नावली स्वतः बनवावी की तयार वापरावी?

मनःस्वास्थ्यासारखी अदृश्य गोष्ट मोजायची असेल तर तयार आणि तपासलेली घ्या. शाळेला पेलवतील अशा काही आहेत.

डब्ल्यूएचओ-५ (जागतिक आरोग्य संघटनेची मनःस्वास्थ्याची प्रश्नावली) : पाच विधानं, सगळी सकारात्मक, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ० ते २५. तिला ४ ने गुणलं की ० ते १०० चा आकडा मिळतो. दोन मिनिटांत होते. साधारण ५० च्या खालच्या गुणांना पुढची तपासणी सुचवली जाते, पण ते काम जाणकारांचं. अहवालात ‘इतके टक्के मुलं नैराश्यात’ असं लिहायचा अधिकार या आकड्यातून तुम्हाला मिळत नाही.

कॅन्ट्रिलची शिडी : एकच प्रश्न. सर्वांत वरची पायरी, म्हणजे १०, तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं आयुष्य. ० म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर? वेळ कमी असेल तर हीच.

रोझेनबर्गची आत्मसन्मान श्रेणी : १९६५ ची, दहा विधानं, त्यांतली पाच उलटी, म्हणजे स्वतःला कमी लेखणारी. इथेच सर्वाधिक घोळ होतो. उलट्या विधानांचे गुण बेरजेआधी फिरवावे लागतात. १ ते ४ ची श्रेणी असेल तर नवा गुण म्हणजे ५ वजा जुना गुण. हे विसरलं की सगळ्यांची बेरीज मधेच कुठेतरी येते आणि ‘कोणातच फरक नाही’ असा निष्कर्ष निघतो. निकाल विचित्र दिसला तर आधी इथे शोधा.

दोन पथ्यं पाळा. विधानं गाळू नका, शब्द बदलू नका. बदललेत की आधीच्या अभ्यासांशी तुलना संपली. आणि भाषांतर करावं लागलं तर एकाने आपल्या भाषेत आणावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यावं, मग दोन्ही शेजारी ठेवून पाहावं. अधिकृत भाषांतर उपलब्ध असेल तर तेच घ्या.

स्वतःचे प्रश्न लिहिताना काय चुकतं?

हा प्रश्न बघा : ‘गृहपाठाच्या ओझ्यामुळे तुमची झोप आणि खेळ यांवर नेहमी परिणाम होतो का?’ एका ओळीत चार दोष आहेत. ‘ओझं’ म्हणून उत्तर आधीच सुचवलंय. झोप आणि खेळ एकत्र विचारलेत. झोप उडते पण खेळ होतो, त्याने काय लिहावं? ‘नेहमी’ म्हणजे आठवड्यातून किती वेळा हे ज्याचं त्याचं. आणि कारण-परिणामाचा निवाडा करायचं काम मुलांवरच टाकलंय, जे खरं तर तुमचं.

त्याच्या जागी तीन प्रश्न : ‘काल शाळेबाहेर गृहपाठाला किती मिनिटं लागली?’, ‘काल रात्री किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात?’, ‘काल घराबाहेर किती मिनिटं खेळलात?’ ‘साधारणपणे’ असं विचारलं की माणूस आपल्या आदर्श दिवसाचं उत्तर देतो. ‘काल’ म्हटलं की आठवून देतो. मात्र सोमवारी विचारलंत तर काल रविवार होता हे विसरू नका.

फोनचा वेळ अंदाजाने विचारू नका. फोनच्या सेटिंगमध्ये त्याची नोंद असते, ती बघून आकडा लिहायला सांगा. अंदाज आणि नोंद यांचा मेळ बेताचाच बसतो.

क्रमही महत्त्वाचा. परीक्षेच्या ताणावर दहा प्रश्न विचारून अकरावा ‘एकूण आयुष्यात किती समाधानी आहात?’ ठेवला, तर उत्तर परीक्षेबद्दलचं येईल. समाधानाचा सर्वसाधारण प्रश्न आधी, तपशील नंतर. इयत्ता-वय शेवटी.

एकूण पंचवीस प्रश्नांच्या पुढे जाऊ नका. चाचणी फेरीत पाच-सहा मुलांना फॉर्म द्या आणि भरताना मनात काय येतंय ते मोठ्याने बोलायला सांगा. मूल जिथे थांबून ‘म्हणजे?’ म्हणेल तो प्रश्न बदला. ही मुलं मुख्य अभ्यासात घ्यायची नाहीत.

किती जणांकडून फॉर्म भरून घ्यायचे?

टक्केवारी सांगायची असेल तर ढोबळ हिशेब : १ ला संख्येच्या वर्गमुळाने भागा. १०० जणांत साधारण १० टक्के इकडे-तिकडे, ४०० जणांत ५ टक्के. चूक निम्मी करायला चौपट माणसं लागतात. पण हा हिशेब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याचा आहे. मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकून आलेल्या उत्तरांना तो लागू नाही.

अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने टपालाने लोकांचा कौल मागवला. वीस लाखांहून जास्त मतपत्रिका भरून परत आल्या आणि साप्ताहिकाने लँडन हे उमेदवार जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड फरकाने निवडून आले. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतले होते, आणि पाठवलेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तरच दिलं नव्हतं. म्हणून लिंकवर आलेल्या ३०० उत्तरांपेक्षा हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून निवडलेली ६० नावं बरी. त्यातल्या किती जणांनी भरलं नाही, हा आकडा अहवालात द्या.

गूगल फॉर्म निनावी असतो ना?

तुम्ही तसा ठेवलात तर. ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे का ते बघा. ‘एकालाच एकदा’ हे बंधन लावलं तर भरणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. पत्ता तुम्हाला दिसला नाही तरी त्याचा विश्वास उडतो. शिवाय प्रत्येक उत्तराला वेळेचा शिक्का असतो : संगणक कक्षात ओळीने भरून घेतलंत तर कोण कधी उठलं यावरून नावं कळतात.

नाव नसूनही ओळख पटते हे विसरू नका. ‘अकरावी, मुलगी, वसतिगृह, कबड्डी संघ’ एवढ्यावर शाळेत एकच जण उरते. म्हणून विश्लेषणात लागणार नाही ते विचारायचंच नाही, आणि पाचपेक्षा कमी जणांचा रकाना तक्त्यात स्वतंत्र छापायचा नाही.

परीक्षेतल्या कॉपीसारख्या प्रश्नांना खरं उत्तर मिळतं का?

थेट विचारलं तर फारसं नाही. १९६५ मध्ये वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडलेल्या कल्पनेचं एक सोपं रूप शाळेतही करता येतं. प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर खरं काहीही असो, ‘हो’ लिहायचं. काटा आला तर खरं उत्तर लिहायचं. आता एखाद्याचा ‘हो’ बघून त्याने कॉपी केली की छापा पडला हे कोणालाच, तुम्हालासुद्धा, कळत नाही.

हिशेब असा : २०० मुलांपैकी १२४ ‘हो’ आले. छाप्याचे साधारण १००. उरलेले २४ ‘हो’ काटा आलेल्या १०० जणांतले, म्हणून अंदाज २४ टक्के. या सुरक्षिततेची किंमत म्हणजे अचूकता घटते : इथे खरा आकडा साधारण ११ ते ३७ टक्क्यांच्या मधे कुठेही असू शकतो. म्हणून दीडशे-दोनशेच्या खाली हा खटाटोप करू नका. चाचणी फेरीत मुलांना नियम नीट कळतो का ते बघा. छापा येऊनही काही जण ‘नाही’ लिहून मोकळे होतात.

सर्वेक्षण सोडून प्रयोग करता येतो का?

येतो, आणि शिक्षणाच्या विषयांत तोच जास्त समाधान देतो. २००६ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला किंवा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के). आठवड्यानंतर आठवून लिहिणारे (५६ विरुद्ध ४२). हे शाळेत करून बघता येतं.

सुमारे ३०० शब्दांचा, अभ्यासक्रमात नसलेला उतारा घ्या. त्यातले ३० मुद्दे आधीच वेगळे लिहून ठेवा. चाळीस मुलांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी करा. ‘अ’ तुकडी विरुद्ध ‘ब’ तुकडी करू नका, नाहीतर फरक शिक्षकांचा की पद्धतीचा ते कळणार नाही. सगळे सात मिनिटं वाचतील. मग एक गट आणखी सात मिनिटं वाचेल, दुसरा कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहील. आठवड्यानंतर दोघांचीही चाचणी. मधे ‘जरा बघू किती लक्षात आहे’ म्हणून पाच मिनिटांनी त्याच मुलांची चाचणी घेतलीत तर प्रयोग तिथेच संपला, कारण ती चाचणी म्हणजेच आठवण्याचा सराव. पेपर तपासणाऱ्याला कोणता पेपर कोणत्या गटाचा हे माहीत नसावं. आणि आठवड्यानंतर कोण गैरहजर होतं, कोणत्या गटातलं, ते लिहून ठेवा.

मुलाखती किती घ्यायच्या?

सहा ते दहा पुरतात. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास जातात, म्हणून तीस मुलाखतींचे मनसुबे नकोत. उतरवलेलं दोघांनी वेगवेगळं वाचून मुद्द्यांना नावं द्यावीत, मग बसून मतभेद सोडवावेत. आपल्या मताशी न जुळणारं एक तरी वाक्य अहवालात यायलाच हवं.

माहिती हातात आली. आता?

मूळ फाइलला हात लावू नका; प्रत काढून तीत काम करा. आधी अशक्य आकडे शोधा : २६ तास झोप, वय १५०. मग सगळीकडे एकच पर्याय निवडलेले फॉर्म. उलटी विधानं असतील तर ते लगेच पकडले जातात. काय काढलं आणि का, याची वही ठेवा. काढायचे नियम निकाल बघण्याआधी ठरवायचे; निकाल बघून ‘नको ते’ फॉर्म काढणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

फोन आणि झोप यांचा सहसंबंध उणे ०.३ आला. म्हणजे फोनमुळे झोप कमी होते?

सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात हे सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा; उणे म्हणजे एक वाढते तेव्हा दुसरी घटते. म्हणजे एवढंच कळलं की फोन जास्त बघणारे साधारणपणे कमी झोपतात. झोप येत नाही म्हणून फोन हातात घेतला असेल. किंवा उशिरापर्यंत चालणाऱ्या क्लासमुळे दोन्ही होत असेल. ०.३ चा वर्ग ०.०९, म्हणजे झोपेतल्या फरकाचा नऊ टक्के भाग फोनच्या वापराशी जुळतो, उरलेला नाही.

संख्याही बघा. ३० जणांत साधारण ०.३६ च्या खालचा सहसंबंध नुसत्या योगायोगाचा असू शकतो. १०० जणांत ती सीमा ०.२० च्या आसपास येते. आणि पाच सवयी गुणिले चार मोजमापं अशा वीस जोड्या तपासल्यात, तर एकमेकींपासून स्वतंत्र असतील असं धरलं तरी, काहीही संबंध नसताना एक तरी ‘लक्षणीय’ (म्हणजे नुसत्या योगायोगाने शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसेल असा) निघण्याची शक्यता ६४ टक्के. म्हणून मुख्य जोडी कोणती ते आधी लिहून ठेवा आणि तपासलेल्या सगळ्या जोड्या अहवालात द्या. आकड्यांआधी ठिपक्यांचा आलेख मात्र काढाच. एखादाच दूरचा ठिपका सगळा सहसंबंध ओढून नेत असतो, आणि ते डोळ्यांनाच दिसतं.

काहीच फरक निघाला नाही. प्रकल्प फसला का?

नाही. पद्धत नीट असेल तर ‘एवढ्या मुलांत, या मोजमापाने फरक दिसला नाही’ हाही निकाल आहे. फक्त ‘फरक नाहीच’ असं लिहू नका.

एआयची मदत घ्यावी का?

प्रश्नांची भाषा सोपी करायला, सूत्र समजून घ्यायला घ्या. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. अस्तित्वात नसलेले लेख ते बिनदिक्कत सांगतं. मुलांची उत्तरं किंवा मुलाखती त्यात टाकू नका, संमतीपत्रात तसं लिहिलेलं नव्हतं. आणि मदत घेतली ते नमूद करा.

प्रकल्प सादर झाल्यावर काय उरतं?

दोन कामं. ज्यांनी फॉर्म भरले त्यांना निकाल सांगा : एक पान, सूचना फलकावर, तुकड्यांची आपसात तुलना न करता. आणि संमतीपत्रात दिलेल्या तारखेला रेकॉर्डिंग, नावांची यादी आणि कच्च्या फाइली नष्ट करा. फोनमधल्या प्रती, पेन ड्राइव्ह, ग्रुपवर पाठवलेल्या फाइली आणि ‘डिलीट’ केलेल्या फाइलींचा कचऱ्याचा डबाही त्यात आला. संमतीपत्रांवर नावं असतात, म्हणून ती शाळेकडे बंद पाकिटात, उत्तरांपासून वेगळी राहतात.